पेटीत नसलेला सूर

निपाणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. लहानपणी दळणाचा डबा घेऊन रांगेत उभं राहायचं काम माझ्याकडे असायचं. ज्वारी नेली आणि आधी कुणाचे गहू चालू असले की गिरणीवाले काका म्हणायचे, "थांब की रे, दगडातलं गव्हाचं जाऊ दे." मग तासभर बसून राहायचं. बघण्यासारखी एकच गोष्ट होती, मोटरीपासून जात्यापर्यंत धावणारा लांबलचक पट्टा. तो जिथे जोडला होता तिथे लोखंडी क्लिपा मारलेल्या होत्या. त्या पुलीवरून गेल्या की 'टक्' आवाज यायचा. टक्, टक्, टक्. पट्ट्याच्या फेऱ्या मोजायला मला घड्याळ आणि कान एवढंच पुरायचं.

पुलीवर काकांनी कधीतरी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका मारला होता. मोटर चालू असताना त्याचं नुसतं पांढरट कडं दिसायचं. पण मोटर बंद केली आणि पुली मंदावू लागली की ट्यूबलाइटच्या उजेडात एक चमत्कार व्हायचा. ठिपका क्षणभर जागच्या जागी उभा राहायचा, मग चक्क उलटा फिरायला लागायचा. पुली मात्र अजून चांगली गरगरत असायची. काका ओरडायचे, "ट्यूब फसवतीया! थांबली म्हणून हात घालू नको." आपल्याकडची वीज पन्नास सायकलची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. पुलीचा वेग आणि ही लुकलुक यांचं गणित जुळलं की डोळ्याला खोटं दिसतं, हे मला फार पुढे कळलं.

पुढची गोष्ट अशाच एका फसवणुकीची आहे. फक्त पुलीच्या जागी तारा आहे, आणि फसलेले लोक जगातले उत्तम खगोलशास्त्रज्ञ होते.

तारा फिरतो हे कळतं कसं? सूर्याचं सोपं आहे. त्याच्यावर डाग असतात आणि ते रोज थोडे सरकतात. गॅलिलिओने ते सरकणं कागदावर उतरवून ठेवलं होतं. विषुववृत्तापाशी सूर्याची एक फेरी साधारण २५ दिवसांची, ध्रुवांकडे त्याहून बरीच लांब. दूरचा तारा मात्र दुर्बिणीतूनही ठिपकाच राहतो, त्याचा डाग कुठून दिसणार? पण डागाळलेली बाजू आपल्याकडे आली की उजेड किंचित घटतो आणि ती पलीकडे गेली की पुन्हा भरतो. हा चढउतार किती दिवसांनी परत येतो ते मोजलं की फेरीचा काळ मिळतो. तो किती खोल आहे त्यावरून ताऱ्याचा पृष्ठभाग किती खवळलेला आहे याचा अंदाज येतो. तरुण तारे जोरात फिरतात आणि जास्त डागाळतात. वय वाढलं की दोन्ही ओसरतं. २००९ साली सोडलेल्या केपलर दुर्बिणीच्या नोंदींवरून या एका युक्तीने चौतीस हजार ताऱ्यांच्या फेऱ्या मोजल्या गेल्या. पुलीवरचा पांढरा ठिपकाच तो, फक्त काळा.

एक अट मात्र पाळावी लागते. तारा फिरतो त्याहून जलद तुम्ही बघितलं पाहिजे. केपलर बहुतेक ताऱ्यांची नोंद अर्ध्या तासाला एक अशी घेई. पंचवीस दिवसांच्या फेरीला ते चैनीचं झालं. पण एखादा तारा अर्ध्या तासात लाखो वेळा फिरत असला तर?

आता जरा कुरुंदवाडला जाऊ. निपाणीहून ते फार लांब नाही. शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठी, नरसोबाच्या वाडीच्या शेजारी. आमच्याकडची माणसं वाडीला दत्ताच्या दर्शनाला जातात, येताना कवठाची बर्फी आणतात. कुरुंदवाड वाटेत दिसून जातं, तेवढंच. त्या गावात ४ ऑक्टोबर १९५६ रोजी श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर, हुबळीला शल्यविशारद. घरची भाषा कन्नड. मुलं हुबळीत वाढली, तिथल्याच शाळांत शिकली. बहिणींपैकी एक म्हणजे सुधा मूर्ती. अजूनही आपल्याकडे 'सुधा मूर्तींचे भाऊ' म्हटल्याशिवाय या माणसाची ओळख पटत नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

सीमाभागात कोणी नाव काढलं की चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न येतो: आपला की त्यांचा? कुलकर्ण्यांच्या बाबतीत हा प्रश्न दोन्हीकडून सपशेल पडतो. आम्ही कर्नाटकात राहून मराठी बोलतो, आणि त्यांचा जन्म महाराष्ट्रात होऊन घरात कन्नड. हिशोब फिटला म्हणा आणि चहा प्या.

दिल्लीच्या आयआयटीतून १९७८ साली एमएस करून ते कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पीएचडीला गेले. मार्गदर्शक कार्ल हाइल्स, विषय ताऱ्यांच्या मधल्या हायड्रोजन वायूचा. जलद फिरणाऱ्या ताऱ्यांशी त्याचा थेट संबंध नव्हता. त्याच विद्यापीठात डॉन बॅकर नावाचे शास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्या डोक्यात तीन वर्षं एक भुंगा गुणगुणत होता.

भुंग्याचं नाव ४सी २१.५३. केंब्रिजच्या रेडिओ दुर्बिणीने आकाशातल्या रेडिओ स्रोतांची जी चौथी यादी केली, तिच्यातली ही एक साधी नोंद. पण हा स्रोत विचित्र वागत होता. सूर्याकडून वाहणाऱ्या वाऱ्यातून त्याच्या लहरी आल्या की तो लुकलुकायचा. रेडिओ लहरींतही आपल्या डोळ्यांच्या अनुभवासारखंच असतं: चांदणी लुकलुकते, गुरू लुकलुकत नाही, कारण चांदणी टिंबाएवढी आणि गुरूची थाळी मोठी. म्हणजे हा स्रोत अगदी बारीक असला पाहिजे. शिवाय तो आकाशगंगेच्या पट्ट्यात होता. दूरच्या दीर्घिकेतून येणाऱ्या लहरी त्या पट्ट्यातल्या वायूतून येताना विस्कटून जाड होतात, मग त्या लुकलुकणार नाहीत. तेव्हा स्रोत बारीक होता आणि आपल्याच आकाशगंगेतला होता. कमी फ्रिक्वेन्सीला तो प्रखर, जास्तीला झपाट्याने मंद. पुढे नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्कच्या दुर्बिणीतून कळलं की त्याच्या लहरी एका दिशेला झुकून कंप पावतात, म्हणजे ध्रुवित आहेत.

लक्षणं एकेक करून मांडली तर कुठलाही विद्यार्थी सांगेल: हा पल्सार. मेलेल्या ताऱ्याचा दहा-बारा किलोमीटर त्रिज्येचा गाभा, सूर्याहून जड, स्वतःभोवती गरगरणारा, आणि ध्रुवांवरून रेडिओ लहरींचे झोत फेकणारा. झोत पृथ्वीवरून गेला की आपल्याला एक ठोका ऐकू येतो. जॉसलिन बेल यांनी १९६७ साली पहिला पल्सार पकडला, त्याचा ठोका दर १.३३७ सेकंदाला. सगळ्यांत वेगवान मानला गेलेला क्रॅब तेजोमेघातला, सेकंदाला तीस फेऱ्या. तोही वेगवान का, तर १०५४ साली लोकांनी आकाशात पाहिलेल्या स्फोटातून जन्मलेला, म्हणजे पोरगेलासा.

४सी २१.५३ मध्ये ठोका मात्र सापडेना. बॅकरनी १९७९ साली शोधून पाहिलं. काही नाही. यादीतला पत्ताच थोडा चुकला होता, तो दुरुस्त करून बघितलं. तरी नाही. आसपास स्फोटाचा मागमूस नाही, तेजोमेघ नाही. सगळी लक्षणं पल्सारची आणि नाडी लागत नाही, असा हा रोगी.

आता मागे वळून पाहिलं की उत्तर सोपं वाटतं: नाडी होती, बोट मंद होतं. पल्सारचा शोध घेताना तेव्हाची यंत्रं सेकंदाला ठरावीक वेळाच सिग्नल टिपायची. क्रॅबपेक्षा फार वेगवान काही असणार नाही अशी सर्वांची समजूत होती, त्यामुळे त्याहून फार जलद टिपण्याची तसदी कोण घेणार? शिवाय ते परवडणारंही नव्हतं. टिपणं दुप्पट जलद केलं की टेप दुप्पट भरते आणि संगणकाला काम दुप्पट. आणखी एक अडचण होती. पल्सारचा ठोका निघतो तेव्हा सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम निघतात, पण वाटेतल्या वायूत उंच फ्रिक्वेन्सी पुढे जाते आणि खालची मागे रेंगाळते. वरातीत बँडवाले पुढे गेलेले असतात आणि म्हातारी मंडळी दोन चौक मागे, तसं. ठोका जितका बारीक तितकी ही वरात जास्त घोळ घालते आणि ठोके एकमेकांत मिसळून सपाट होतात. काकांच्या ट्यूबखालच्या पुलीसारखाच हा प्रकार. फिरणारी वस्तू समोर असते, आणि डोळ्याला दिसतं काहीच नाही.

सप्टेंबर १९८२. पोर्तो रिको बेटावरच्या अरेसिबो दुर्बिणीपाशी बॅकर यांच्या शोधात आता सामील झालेले कुलकर्णी होते. सव्विसावा वाढदिवस काही आठवड्यांवर आला होता. अरेसिबो म्हणजे चुनखडीच्या डोंगरांतल्या नैसर्गिक खड्ड्यात बसवलेली ३०५ मीटर व्यासाची वाटी, त्या काळी जगातली सर्वांत मोठी. तिला मान वळवता येत नव्हती. डोक्यावरून वीस अंशांच्या आत जे जाईल तेवढंच दिसायचं. एखादा स्रोत रोज दोन-अडीच तास मिळायचा, की उद्यापर्यंत थांबा. ४सी २१.५३ तिच्या डोक्यावरून जायचा. ठरलं असं की या वेळी फार जलद टिपून बघायचं, इतकं जलद की त्या वेगाने फिरणारं काही असेल असं कुणाला वाटलंही नसेल.

त्या वेळचे संवाद मी इथे रचून घालणार नाही. तिथे कोण काय बोललं ते ज्यांनी ऐकलं त्यांनी सांगावं. झालं ते एवढं: त्या छोट्याशा चाचणीच्या नोंदींत १.५५८ मिलिसेकंदांची एक खूण निघाली. सेकंदाचा सहाशेबेचाळिसावा भाग.

एवढ्यावर कुणी शपथ घेणार नाही, आणि घेऊही नये. यंत्राचा बिघाड, विजेच्या तारांचा गुणगुणाट, जवळच्या रडारचा शिरकाव, काहीही असू शकतं. त्यात पल्सारचा सिग्नल मधल्या वायूमुळे स्वतःच चढतो-उतरतो. आज खणखणीत, उद्या मुका. म्हणून नोव्हेंबरमध्ये पुन्हा दुर्बीण लावली. या वेळी शंका उरली नाही. प्रत्येक फेरीत दोन ठोके, एक मोठा आणि जवळजवळ अर्ध्या फेरीने दुसरा लहान, दोन्ही ध्रुवांच्या झोतांचे. १६ डिसेंबर १९८२ च्या 'नेचर'मध्ये निबंध आला. शीर्षक अगदी साधं, 'एक मिलिसेकंद पल्सार'. नावं पाच: बॅकर, कुलकर्णी, हाइल्स, अरेसिबोचे मायकेल डेव्हिस आणि वेस्टरबोर्कवर काम करणारे मिलर गॉस. कुलकर्ण्यांची पीएचडी अजून पुढच्या वर्षी व्हायची होती.

सेकंदाला ६४२ फेऱ्या. हा आकडा वाचून सोडून देता येत नाही. मी तो पेटीवर लावून बघितला. बेळगाव हे पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांचं गाव, त्यामुळे या भागात घरात पेटी असणं नवलाचं नाही. आमच्याकडे आजोबांची आहे. सेकंदाला ६४२ कंप म्हणजे कानाला ऐकू येणारा सूर झाला. तार सप्तकातली काळी दोन ६२२ कंपांची. तिच्या शेजारची पांढरी तीन ६५९ची. ६४२ या दोघींच्या जवळजवळ मधोमध पडतो, जिथे पेटीत पट्टीच नाही. मग मी गाऊन बघितला. काळी दोन दाबायची, गळा हलकेच वर न्यायचा आणि पांढरी तीन यायच्या आत थांबायचं. एक डोंगराएवढं जड शरीर इतक्या वेळा फिरतं की त्याचा सूर होतो, हे गळ्यातून काढल्यावर पहिल्यांदा पटलं. डोंगर म्हणणंही कमीच, त्याचं वजन सूर्यापेक्षा जास्त आहे.

त्याच्या विषुववृत्तावरचा एखादा बिंदू सेकंदाला चाळीस हजार किलोमीटर पळतो, प्रकाशाच्या वेगाच्या तेरा टक्क्यांच्या आसपास. मी हे परवा गिरणीवाल्या काकांना सांगितलं. काका आता ऐंशीला टेकले, गिरणी मुलगा चालवतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पट्टा तुटत न्हाई व्हय?"

निबंध वाचणाऱ्यालाही पहिला प्रश्न हाच पडतो. पट्टा तुटत नाही कारण तिथे गुरुत्वाकर्षण भयंकर आहे. पण तुटण्याच्या वेगापासून हा पल्सार फार लांबही नाही. साधारण मिलिसेकंदाला एक फेरी झाली की असा तारा स्वतःच्या वेगाने फाटू लागेल, असं गणित सांगतं. दुसरा प्रश्न त्याहून अवघड. वेग पोराचा, पण अंगकाठी म्हाताऱ्याची. क्रॅबसारखे तरुण पल्सार चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर ऊर्जा उधळतात आणि झटपट मंदावतात. हा मंदावतच नव्हता. त्याची एक फेरी एका मायक्रोसेकंदाने लांबायला सुमारे तीन लाख वर्षं लागतील. त्या हिशोबाने त्याचं वय वीस कोटी वर्षांच्या वर जातं. इतक्या वयाचा तारा कधीच गारठून गप्प व्हायला हवा होता.

याचं उत्तर देणाऱ्यांत आपल्याच राज्याच्या राजधानीतले दोघे होते. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी १९८२ च्या अखेरीसच 'करंट सायन्स'मध्ये आपलं म्हणणं छापलं. अमेरिकेत अल्पर, चेंग, रुडरमन आणि शहाम यांनीही तोच विचार मांडला. म्हातारा पल्सार जोडीने राहत होता. शेजारचा तारा फुगला, त्याचा वायू पल्सारवर ओघळू लागला. हा वायू सरळ पडत नाही, गरागरा फिरत पडतो, आणि पडताना आपलं फिरणं पल्सारला देतो. जत्रेतल्या गोल चक्रीला पोरं पळत पळत धक्के मारतात तसं. कोट्यवधी वर्षं असे धक्के बसले, आणि विझलेला म्हातारा पुन्हा गरगरू लागला. त्यातच त्याचं चुंबकीय क्षेत्र क्रॅबच्या मानाने हजारो पट कमकुवत होऊन बसलं, म्हणून तो आता मंदावत नाही.

यात एकच खोट होती. या पल्सारला जोडीदार नाही. एकटाच आहे. वायू देणारा गेला कुठे? १९८८ साली अरेसिबोवरच एक दुसरा पल्सार सापडला, जो आपल्या जोडीदाराला झोताने भाजून वाफ करत होता. त्याला 'ब्लॅक विडो' नाव मिळालं. ज्याने पोसलं त्यालाच खाल्लं. आपल्या १.५५८वाल्याने तसंच केलं की कसं, हे अजून वादात आहे.

वेगाचा त्याचा विक्रम दोन दशकांहून जास्त टिकला. २००४ साली एका तारकागुच्छात सेकंदाला ७१६ फेऱ्यांचा एक सापडला, तेव्हा मोडला. पण दरम्यान त्याच्या भावंडांना वेगळंच काम लागलं होतं. ठोका इतका नियमित असेल तर ते घड्याळ झालं, आणि घड्याळं आकाशभर विखुरलेली असतील तर त्यांच्या ठोक्यांतल्या बारीक फरकांवरून गुरुत्वीय लहरी जाताना पकडता येतील. जून २०२३ मध्ये अशा मंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा जाहीर झाला. त्यात नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या नोंदीही होत्या.

कुलकर्णी तोवर भलतीकडे निघून गेले होते: १९९५ साली तपकिरी खुजा तारा, मग गॅमा किरणांचे स्फोट, मग उत्तरेचं अख्खं आकाश पुन्हा पुन्हा टिपणारा पालोमार वेधशाळेतला झेडटीएफ प्रकल्प. २०२४ साली त्यांना शॉ पुरस्कार मिळाला, त्याच्या मानपत्रात मिलिसेकंद पल्सार आहेतच. झेडटीएफचं काम म्हणजे तेच जुनं, उजेडाचा चढउतार बघणे. त्यातून २०२३ साली हंस तारकासमूहातला एक पांढरा खुजा तारा पुढे आला, ज्याचा उजेड दर पंधरा मिनिटांनी वर-खाली होतो. कारण शोधायला गेले तर निघालं भलतंच: एक बाजू हायड्रोजनची, दुसरी हेलियमची. दोन तोंडांच्या रोमन देवावरून त्याला जेनस नाव दिलं.

अरेसिबोची वाटी मात्र १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली. वर टांगलेला नऊशे टनांचा सांगाडा आधाराच्या केबल तुटून खाली आला. डॉन बॅकर २०१० सालीच गेले होते.

पोर्तो रिको अठरा अंशांवर आहे आणि निपाणी साडेसोळावर, म्हणून त्या वाटीला दिसायचं ते आकाश थोड्या फरकाने आमच्या गच्चीवरूनही दिसतं. सप्टेंबरअखेर पाऊस उघडला की अंधार पडल्यावर श्रवण आणि हंस यांच्या मध्ये जंबुक नावाचा एक फिकट तारकासमूह डोक्यावर येतो. त्यात डोळ्यांना दिसण्यासारखं फारसं काही नाही. पण जॉसलिन बेल यांचा पहिला पल्सार तिथेच आहे आणि कुलकर्ण्यांचाही तिथेच, अगदी शेजारी. पहिला डोक्यावरून गेला की अठरा मिनिटांनी दुसरा येतो. तेवढ्या वेळात पहिल्याच्या आठशे फेऱ्या झालेल्या असतात, आणि दुसऱ्याच्या सात लाखांच्या आसपास.